वेलीची विश्रांती आणि अक्काची गोळी

द्राक्षाची बाग घडांनी लगडलेली असते तेव्हा बघायला सगळे जातात. माल उतरवून झाल्यावर तिकडे कुणी फिरकत नाही. मीही मुद्दाम गेलो नव्हतो. मार्चअखेरीला नाशिकला माझं एक व्याख्यान होतं आणि मुक्काम पिंपळगाव बसवंतला, माझ्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे अक्काकडे होता. तिच्या बागेतला माल आदल्याच आठवड्यात गेला होता. त्यामुळे मला जी बाग दिसली ती अशी: मांडवाच्या तारांवर रापलेली, कडेनं वाळलेली पानं, मधूनच तोडणीत राहून गेलेला एखादा खुरटा घड, खाली फुटलेले मणी आणि त्यांचा आंबूस वास. सहलीला जाणाऱ्यांना सुचवावी अशी ही जागा नाही. पण या प्रवासाची हकीकत लिहायची तर तिथूनच लिहावी लागेल.

"बाग मोडायची आहे का काय?" मी दाजींना विचारलं.

दाजी हसले. "मोडतोय कशाला! विश्रांतीला सोडलीय, पाव्हणं. आता एप्रिलात खरड छाटणी, जुन्या काड्या पार खरडून काढायच्या. तवर तिला कायबी तरास द्यायचा नाय."

"किती दिवसांची विश्रांती?"

"ते तिलाच इचारायचं. काडी बघायची, पान बघायचं. जेवढी जास्त विश्रांती तेवढी काडी भरती. ज्यानं घाई केली तो पुढल्या साली बोंबलला."

वडील मनमाडला रेल्वेत होते, त्यामुळे आम्ही दोघं बहीणभाऊ त्याच जिल्ह्यात वाढलो. पण अक्का लग्न होऊन द्राक्षाच्या घरात आली आणि मी नोकरीसाठी कोल्हापूरला गेलो. तिथं एका कॉलेजात मी जीवरसायनशास्त्र शिकवतो. आमच्याकडे उसाला विश्रांती नसते. तोड झाली, पाला पेटवला, की लगेच बुडख्यातून फुटणाऱ्या खोडव्याला पाणी. विश्रांती ही माणसांनी दुपारी जेवून घ्यायची गोष्ट. म्हणून दाजींचा तो शब्द मला फार आवडला. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात कुठं बसवता येईल, असा विचार मी तिथं बांधावर उभ्याउभ्याच करत होतो. शब्द आवडला की तो खिशात टाकायचा, ही मास्तरांची सवय. त्या शब्दामागं त्या माणसांचं काय काम आहे, हे मी विचारलं नाही.

रात्री शेवभाजी होती. काळ्या मसाल्याचा दाट रस्सा, त्यात जाड तिखट शेव, सोबत बाजरीची भाकरी. आमच्या तांबड्या रश्शाचा तिखटपणा जिभेवर लगेच कळतो. हा मागाहून, कानाच्या पाळीपर्यंत चढत येतो. मी घाम पुसत जेवत होतो आणि अक्का हसत होती. तिला छातीचा कॅन्सर आहे, हाडांत उतरलेला. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा पुरता जाणार नाही, पण गोळ्यांवर थोपवून धरता येईल. आणि तो थोपला होता. अक्का चालत होती, पापड लाटत होती, सुनेशी भांडत होती. तीन आठवडे रोज एक गोळी, मग एक आठवडा बंद, पुन्हा नवी पट्टी. त्या रात्री तिचा बंदचा आठवडा संपत आला होता.

"इलास," ती म्हणाली, "तू एवढा प्रोफेसर. ही गोळी आत जाऊन करती काय, ते सांग की. डॉक्टरीणबाई सांगतात, पण बाहेर रांग असती. विचारायला लाज वाटती."

हा माझाच विषय. दुसऱ्या दिवशी व्याख्यान त्याच्यावरच होतं. मी ताटातला हात आवरून सांगायला लागलो. प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण सगळी एकाच वेळी वाचली जात नाहीत. पेशीनं दुभंगून दोन व्हायचं, यासाठी लागणारी जनुकं एरवी मिटलेली असतात. ती उघडणारं एक प्रथिन असतं आणि त्याचा हात एका राखणदार प्रथिनानं घट्ट धरून ठेवलेला असतो. मग एक विकर, म्हणजे एन्झाइम, येतं. त्या जातीच्या विकरांना कायनेज म्हणतात. ते राखणदाराच्या अंगावर फॉस्फेटचे बारीक तुकडे चिकटवतं. बाकी काही नाही, नुसते चिकटवतं. पण तेवढ्यानं राखणदाराचा आकार बदलतो, पकड सुटते, जनुकं उघडतात, त्यांच्या नकला निघायला लागतात आणि पेशी दुभंगते.

अक्काची सून रुपाली भाकरी वाढता वाढता थांबली. ती जवळच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला आहे. "म्हणजे आमच्याकडच्या पेटीसारखं, मामा. स्टिकर लागल्याशिवाय पेटी कंटेनरात चढत नाय."

"अगदी तसंच! आणि अक्काच्या आजारात स्टिकर लावणारा थांबतच नाही. गोळी जाऊन त्याच्या हातातली स्टिकरची जागाच अडवून बसते."

"बघा," अक्का दाजींना म्हणाली, "दोन वर्षं खातीय, आज कळलं." मग माझ्याकडे वळून, "आणि मग मधी एक आठवडा बंद का? तेव्हा नाय का तो स्टिकर लावत?"

प्रश्न नेमका होता. उत्तर मला माहीत होतं. तेच विकर आपल्या अस्थिमज्जेलाही लागतं, गोळीनं रक्तातल्या पांढऱ्या पेशीही घटतात, म्हणून त्या भरून यायला मध्ये थांबतात. पण ते सांगायचं तर मज्जा काय, पांढऱ्या पेशी काय, सगळं आलं असतं. रस्सा निवत होता आणि माझ्या खिशात तो सुंदर शब्द होता.

"ती विश्रांती, अक्का. तुमच्या बागेसारखी."

तिचा चेहरा उजळला. दाजींनी मान डोलावली. मी पुन्हा भाकरी मोडली.

नाशिक, रविवार

सकाळी व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी मिसळ खायला नेलं. आमच्याकडे मिसळीबरोबर पावाचे काप देतात. इथं पाव गोल, वर भाजलेला पापड, वाटीत दही, आणि मोकळ्या शेतात झाडांखाली टेबलं मांडलेली. रविवारी अख्खी कुटुंबं गाड्या काढून मिसळ खायला येतात, मुलं झोपाळ्यावर, म्हातारी माणसं सावलीत. कोल्हापुरात मिसळ उभ्याउभ्या खाऊन माणूस कामाला जातो. इथं तिचा समारंभ असतो. दही घातल्याबद्दल मी एक कोटी केली, मंडळी हसली. त्या दिवशी मी काहीही बोललो तरी लोक हसत होते.

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. शिक्षक, निवृत्त माणसं, बरेच बागायतदार. पहिल्या रांगेत अक्का, नवी अंजिरी साडी नेसून, शेजारी रुपाली. मी पेशी सांगितली, राखणदार सांगितला, स्टिकर सांगितलं. जनुकाची नक्कल काढणारं यंत्रसुद्धा त्याच्या शेपटीवर फॉस्फेट चिकटल्याशिवाय नीट पुढं सरकत नाही, हेही सांगितलं. तिथपर्यंत सगळं बरोबर होतं. मग एका औषधाचं उदाहरण घेतलं, मध्ये बंद ठेवायचा आठवडा आला आणि मी कागद बाजूला सारला.

"तुम्हा बागायतदारांना हे मी काय सांगणार?" मी म्हणालो. "विश्रांती हेसुद्धा औषधच आहे. आणि ती किती द्यायची हे वेल जसं सांगते, तसं शरीरही सांगतं."

टाळ्या. अशा टाळ्या मला उभ्या आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या. पस्तीसेक मुलांपुढं, तीही परीक्षेला येईल तेवढंच ऐकणारी, अशी माझी रोजची सभा. पहिलं वाक्य अर्धं खरं होतं. दुसरं मी तिथल्या तिथं, ताल जुळावा म्हणून जोडलं होतं. अक्का टाळ्या वाजवत होती. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह झालं.

घोटी

सोमवारी सकाळी अक्काच्या घरून निघून घोटीला एका जुन्या मित्राकडे गेलो. दोन दिवसांचे तीन झाले. हा भाग अगदी वेगळा. पिंपळगावला तारा, शेडनेट, शीतगृहं, टेम्पो. इथं खाचरं, उन्हाळ्यात वाळून भेगाळलेली, आणि पलीकडं डोंगरांच्या रांगा. कळसूबाईचं टोक सकाळी दिसतं आणि दहा वाजेपर्यंत धुरकटात जातं. बाजारातल्या भातगिरणीजवळून गेलं की तुसाची धूळ नाकात बसते, पण आत ताज्या तांदळाचा वास असतो. मित्राच्या घरी तांदळाची भाकरी, सुकट आणि कैरीची चटणी. आमच्या भागात तांदळाची भाकरी पाहुण्याला करत नाहीत, इथं जोंधळ्याची करत नाहीत.

मित्रानं गिरणीवाल्याशी ओळख करून दिली. मी त्यालाही राखणदार आणि स्टिकर सांगितलं. मग मित्राच्या शेजाऱ्यांना सांगितलं. विश्रांतीचं वाक्य दर वेळी आणखी गुळगुळीत होत गेलं. परत जाताना पिंपळगावला जायचं काही कारण नव्हतं. घोटीहून मी सरळ घरी निघणार होतो. पण बॅग भरताना लक्षात आलं की शाल आणि स्मृतिचिन्ह अक्काच्या कपाटातच राहिलं. म्हणून गुरुवारी पुन्हा पिंपळगाव. बहिणीची आठवण येऊन गेलो, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.

पुन्हा पिंपळगाव

दुपारची वेळ. अक्का अंगणात उभी होती. चेहऱ्यावर तरतरी होती.

"बघ कशी दिसतीय?"

"छान दिसतेस."

"तुझ्या बोलण्यानं. तोंडाला चव आली, पाय दुखायचे थांबले. म्हटलं, शरीर सांगतंय, मग ऐकावं. सोमवारची पट्टी काढलीच नाय मी. खरड छाटणीपर्यंत मीबी विश्रांतीला." ती हसली. "काडी भरू दे जरा. मग जोरात धरू."

मला ते लगेच कळलं. गोळी बंद असल्यावर बरं वाटणारच, कारण गोळीचा त्रासही बंद असतो. पण त्याच दिवसांत तो स्टिकर लावणारा मोकळा होता. आणि खरड छाटणीला अजून आठवडे होते. मी तिथल्या तिथं, त्या अंगणात, "अक्का, माझं चुकलं, आत्ता गोळी घे" असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं. जेवून बोलू."

अक्का गच्चीवर वाळत टाकलेले सांडगे परतायला गेली. मी आणि दाजी जेवायला बसलो. हुलग्याचे शेंगोळे होते, वर तेलाची धार. रुपाली पॅकहाउसमधून अर्ध्या सुट्टीत आली होती. तिनं वाढलं. दाजींना स्वतःची रक्तदाबाची गोळी हवी होती म्हणून त्यांनी औषधांचा डबा ओढला आणि त्यांच्या हाताला अक्काची पट्टी लागली. अख्खी.

"ही काय?" त्यांचा आवाज एकदम चढला. "रुपाली! सोमवारी चालू करायची व्हती ना ही?"

"मी विचारलं होतं, आण्णा. आई म्हणाल्या, घेतली."

"म्हणाल्या! तू बघितली का? एवढं एक काम तुझ्याकडं. दिवसभर त्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला जमतंय, घरात एक गोळी बघता येत नाय? तिचं काय बरंवाईट झालं म्हंजे?"

रुपालीनं पातेलं खाली ठेवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती त्या सभेत पहिल्या रांगेत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती वाट पाहत होती, हे मला कळत होतं.

मी शेंगोळ्याचा घास घेतला.

दाजी बोलत राहिले. तिच्या माहेरापर्यंत गेले. मी खाली मान घालून जेवत राहिलो, आणि याहून लाजिरवाणी गोष्ट ही की मी ताट पूर्ण साफ केलं. रुपालीनं डोळे पुसले नाहीत, काही आपटलं नाही. भांडी मोरीत ठेवली, पदर खोचला आणि न जेवता कामावर निघून गेली. फाटक लागल्याचा आवाज आला तेव्हा मी हात धुवायला उठलो.

गच्चीवर गेलो. अक्का सांडगे उलटे करत होती.

"अक्का, मी ते विश्रांतीचं चुकीचं सांगितलं. गोळी चालू कर."

"चल! सभेत बरोबर आणि गच्चीवर चूक, असं कसं?"

"सभेतही चूकच होतं."

"एवढ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या?" ती खरंच गोंधळली होती. "तिथं बागायतदार बसले व्हते, सगळे येडे का? घाबरलास तू. दाजी ओरडले ते ऐकू आलं मला. रुपालीला बोलले ना? मी समजावते तिला. तू नको मनाला लावून घेऊ."

ती मलाच धीर देत होती. मी पांढऱ्या पेशींचं सांगायला लागलो, जे शनिवारी जेवताना सांगायचं होतं ते. ती ऐकत राहिली, पण पहिलं सोपं होतं, हे अवघड होतं, आणि तिचा विश्वास पहिल्यावर बसला होता. शेवटी म्हणाली, "उद्या डॉक्टरीणबाईंना विचारू. त्या म्हणतील तसं." दाजी खाली तळमळत होते. त्यांना मी एवढंच म्हणालो, "उद्या मी नेतो तिला." ते म्हणाले, "उपकार झाले, पाव्हणं." तेही मी ऐकून घेतलं.

नाशिक, शुक्रवार

दवाखान्यात बाहेर खरंच रांग होती. मुंबई-आग्रा रस्त्यानं येताना अक्का द्राक्षांचे दर, टेम्पोवाल्यांची मस्ती, सगळं बोलत आली होती. रांगेत गप्प झाली. सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट घेऊन आत गेलो. डॉक्टरीणबाई वयानं माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या.

"मावशी, सोमवारी सुरू का नाही केली?"

"मीच नाय घेतली. बरं वाटत होतं."

"कुणी सांगितलं थांबायला?"

"कुणी नाय. मीच ठरवलं. आमच्यात बागेला असती ना विश्रांती, तशी."

तिनं मला वाचवलं होतं. दार उघडंच होतं, मला फक्त गप्प बसायचं होतं. आदल्या दिवशी गप्प बसणं जमलंच होतं. पण तिच्या हातात ती पिशवी होती, रिपोर्टांची, आणि तिची बोटं पिशवीचे बंद गुंडाळत होती, सोडत होती.

"मी सांगितलं," मी म्हणालो. "विश्रांती हेही औषधच, आणि किती घ्यायची ते शरीर सांगतं, असं मी म्हणालो. सभेत. ती समोर बसली होती."

"आपण काय करता?"

"जीवरसायनशास्त्र शिकवतो."

बाईंनी मान खाली घालून रिपोर्ट पाहिला. "कोणता विषय आवडीचा?"

"कायनेज," मी म्हणालो.

त्यांनी रिपोर्ट मिटला. मग अक्काकडे वळल्या. "मावशी, सुट्टी आजाराला नसते. सुट्टी तुमच्या रक्ताला असते. वेल म्हणजे तुम्ही. आजार म्हणजे वेल नाही. तुम्ही थांबलात की तोही खायला-प्यायला मोकळा. सुट्टी वाढवायची वेळ आली तर रक्त बघून मी वाढवीन. कळलं?"

"कळलं."

"रक्त चांगलं आहे. आज जेवणानंतर सुरू करा."

"आणि हे चार-पाच दिवस गेले ते?" मी विचारलं.

"काही झालं नसेल, असं वाटतं. पण वाटतं म्हणून मी काही सांगत नाही. पुढच्या स्कॅनला दिसेल."

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच तो नीट लागला.

बाहेर आल्यावर अक्का चिडली. "कशाला मधी तोंड घातलंस? मी सांगितलं होतं ना मीच म्हणून? त्यांच्यापुढं तुझी लाज गेली."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? चार माणसांत सांगत फिरते मी, माझा भाऊ प्रोफेसर."

घरी पोचलो तेव्हा दाजी ओट्यावर होते आणि रुपाली नुकतीच कामावरून आली होती. मी चपला काढायच्या आधी सांगितलं. कुणाच्या बोलण्यावरून अक्का थांबली, ते मला गुरुवारी अंगणातच कळलं होतं, आणि दाजी रुपालीला बोलत होते तेव्हा मी समोर बसून जेवत होतो, हे सगळं. दाजींनी बागेकडं मान वळवली. मग म्हणाले, "पाव्हणं, मी पोरीच्या बापापर्यंत गेलो. मधी एक शब्द टाकला असता तर मी तिथंच थांबलो असतो." आणि ते उठून मांडवाखाली निघून गेले. पाहुण्याला याहून जास्त बोलायची त्यांच्याकडे रीत नाही.

मी रुपालीची माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही जेवत होतात, मामा. मला वाटलं, जेवण झाल्यावर बोलाल."

रात्री अक्काला आधी वाढलं. तिनं सावकाश जेवून घेतलं, पाणी मागितलं, नवी पट्टी फोडली आणि गोळी हातावर घेऊन मला दाखवली. दाजी दारात येऊन उभे राहिले होते. तिनं गोळी गिळली, तांब्या खाली ठेवला, तोंड पुसलं.

"हां," ती म्हणाली, "आता वाजवा टाळ्या."

दाजींच्या मिशीत जरासं हसू आलं. माझे हात मांडीवरच होते. आत स्वयंपाकघरात रुपाली आमच्यासाठी भाकऱ्या थापत होती. घरात आवाज होता तो तेवढाच.